बाजार आवारातील संगणकीय नोंदी आणि त्यांची राखीव प्रत

कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याची गाडी आली, की फाटकावर आवकेची नोंद होते. लिलावानंतर सौदापट्टी, वजनानंतर काटापट्टी आणि शेवटी हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी, असा हा क्रम असतो. पूर्वी हे सारे कीर्द-खतावणीत राहत असे. आता अनेक समित्यांत ते संगणकाच्या डेटाबेसमध्ये राहते. या नोंदींचे मोल २०२३ साली प्रकर्षाने दिसून आले. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्यासाठी राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अर्जासोबत विक्रीपट्टी जोडणे आवश्यक होते. म्हणजे एका शेतकऱ्याचे ७० हजारांपर्यंत रुपये या कागदावर अवलंबून होते. तो गहाळ झाल्यास समितीच्या दप्तराकडेच धाव घ्यावी लागते.

डेटाबेस ही वहीसारखी वस्तू नव्हे. एका सौद्याची माहिती त्यात अनेक कोष्टकांत विभागलेली असते. नाव एकात, वजन दुसऱ्यात, रक्कम तिसऱ्यात. काम चालू असताना नुसती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, तर वजन आले पण रक्कम आली नाही, अशी अर्धवट प्रत पदरी पडू शकते. म्हणून प्रणालीतच दिलेल्या बॅकअपच्या सोयीने प्रत काढावी. ती नसेल तर सर्व खिडक्यांवरील काम बंद करून मगच काढावी. चांगला डेटाबेस प्रत्येक बदल प्रथम एका स्वतंत्र नोंदफाइलीत लिहितो आणि वीज अचानक गेल्यास तिच्या आधारे सावरतो. जागा अडवते म्हणून हीच फाइल पुसून टाकण्याचा उत्साह काही ठिकाणी दाखविला जातो. तो महागात पडतो.

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय असली म्हणजे राखीव प्रत झाली, हाही गैरसमजच होय. एक डिस्क बिघडली तर ती सोय उपयोगी पडते. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते.

प्रत निघते, एवढ्यावर विसंबणेही धोक्याचे असते. गिटलॅब ही संगणक-आज्ञावली साठविण्याची सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. नित्याच्या राखीव प्रती शोधल्या, तेव्हा त्या निघतच नव्हत्या असे आढळले. प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते आणि अपयशाची सूचना देणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली प्रत हाती लागली, म्हणून नुकसान तेवढ्या तासांपुरते राहिले. संगणकाच्या जाणकारांची ही गत, तर तालुक्याच्या गावी काय, असा प्रश्न साहजिक आहे.

उत्तर प्रत्यक्ष चाचणीत आहे. मुंबईतील दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, विशेष सत्र घेऊन आपले व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर नेऊन दाखविले. समितीला एवढा खटाटोप नको. महिन्यातून एकदा राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी, शेवटचा पट्टी क्रमांक आणि त्या दिवसाची एकूण रक्कम कागदी नोंदीशी ताडून पाहावी. या कामास तास-दीड तास पुरतो. ते लेखनिकावर न सोडता सचिवांनी समक्ष करून घ्यावे व तपासणीची तारीख नोंदवहीत सहीनिशी लिहावी.

प्रती रोज संध्याकाळी, लिलाव आटोपल्यावर काढाव्यात. एक कार्यालयात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी आवाराबाहेर, शक्यतो वेगळ्या इमारतीत असावी. यांपैकी एक तरी संगणकापासून तोडलेली हवी. कारण खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. जुन्या प्रतींवर रोज नवी चढवू नये. चूक पंधरा दिवसांनी लक्षात आली, तर पंधरा दिवसांपूर्वीचीच प्रत लागते. मार्चअखेरची प्रत तर वेगळी काढून लेखापरीक्षण होईपर्यंत हलवू नये.

पुरवठादाराशी करार करताना डेटाबेसचा परवलीचा शब्द समितीच्या ताब्यात राहील आणि पुरवठादार बदलल्यास सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, या दोन अटी लेखी घालून घ्याव्यात.