गिऱ्हाईक म्हणतं, "कॅम मोठा टाका!" तुम्ही काय कराल?

व्हिडिओत आपण जुन्या गाड्यांच्या गॅरेजचा धंदा पाहिला. आज त्यातलाच एक निर्णय हिशेबासकट बघू.

आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. मूळची फियाट 1100. 1974 पासून पद्मिनी हे नाव. 1089 सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडवाले व्हॉल्व्ह. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता ही गाडी हौसेची आणि आठवणींची आहे.

समजा, अंधेरीत तुमचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक वडिलांची पद्मिनी घेऊन येतं. इंजिन खोललेलंच आहे. ते म्हणतं, "एवढं उघडलंय तर जोरदार कॅमशाफ्ट टाकून द्या ना!" बिल वाढणार म्हणून जीभ लगेच "हो" म्हणते. थांबा!

आधी काम समजून घ्या

व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचा, हे कॅम ठरवतो. तो जास्त वेळ उघडा ठेवला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. खालचा पिकअप कमी होतो, आयडलिंग अडखळतं. एस. व्ही. रोडवर सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला नेमकी खालचीच ताकद लागते. शिवाय पीयूसीत आयडलिंगचा धूर मोजतात, तिथेही अडचण येऊ शकते. आणि कॅम एकटा येत नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंग, कार्ब्युरेटरचे जेट, कधी हेडचं कामही मागे लागतं.

गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा

1. गाडी कुठे चालणार? रोज शहरात, रविवारी लोणावळ्याला, की रॅलीत?
2. बाकीचं इंजिन बदलायची तयारी आहे का? नसेल तर नुसत्या कॅमने फायदा नाही.
3. पुढे व्हिंटेज नोंदणी करायची आहे का? 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ती मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

आता हिशेब (आकडे फक्त उदाहरणासाठी)

मूळ मापाचा कॅम आणि नवे टॅपेट: खर्च ₹15,000, बिल ₹20,000, उरले ₹5,000.

मोठा कॅम, स्प्रिंग, ट्यूनिंग: खर्च ₹35,000, बिल ₹45,000, उरले ₹10,000.

दुसरा दुप्पट फायद्याचा वाटतो ना? पण "गाडी सिग्नलला बंद पडते" म्हणून ती परत आली, आणि पुन्हा खोलायला मजुरी, गॅस्केट, ऑइल मिळून ₹12,000 गेले, तर तुम्ही ₹2,000 खिशातून घातले. वर ते गिऱ्हाईक चार जणांना सांगणार, ते वेगळंच.

मग निर्णय कसा?

जुना कॅम मायक्रोमीटरने मोजा. लोब झिजले नसतील, खड्डे नसतील, तर तोच ठेवा. तेव्हा प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी परत बसवा. झिजला असेल तर मूळ मापाचा टाका. मोठा कॅम फक्त रॅलीच्या हौशीसाठी, तोही पूर्ण पॅकेज म्हणून. पिकअप कमी होईल, हे एस्टिमेटवर लिहा आणि सही घ्या.

नवा कॅम टाकलात तर टॅपेटही नवेच हवेत. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर सोडू नका. 2000 आरपीएमच्या आसपास साधारण 20 मिनिटं चालवा. इथे घाई केली तर नवा कॅमही खराब होतो.

लक्षात ठेवा, गिऱ्हाईक कॅम मागत नाही. त्याला वडिलांची गाडी पुन्हा नीट चाललेली हवी असते. "हे तुम्हाला नको" असं जो कारणासकट सांगतो, त्याच्याकडेच दुसरी गाडी येते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातला "मोठा कॅम" कोणता? म्हणजे बिल वाढवणारी, पण परत येणारी गोष्ट. वहीत लिहा, आणि समोर परत आल्यावरचा खर्चही मांडा.

भेटू पुढच्या भागात!