संगणकाचे विरजण

आमच्या भुकूमच्या वाचनखोलीत एक संगणक आहे. कोणी त्यावर सातबारा पाहतो. कोणी मुलाचा अर्ज भरतो. बचत गटाच्या बाया हिशेब लिहितात.

संगणकाचे सगळे काम पाहणारा एक कारभारी आत असतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. आमच्याकडचा कारभारी विंडोज १० नावाचा. तो २०१५ साली आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणजे तो बंद पडला असे नव्हे. घर उभेच आहे, पण कौल फुटले तर शाकारायला कोणी येणार नाही. चोर मात्र फुटके कौल शोधतच असतात. ज्या संगणकावर बँकेचे काम चालते, तिथे हे बरे नव्हे. म्हणून त्या दिवाळीआधी आम्ही विंडोज ११ बसवायचे ठरवले.

नवी प्रणाली इंटरनेटवरून परस्परही येते. पण ती पाच जीबीच्या वर भरते. आमच्याकडे रेंज कधी असते, कधी नसते. शिवाय संगणक सुरूच झाला नाही, तर परस्पर काय येणार? म्हणून ती एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतात. हे विरजणासारखे आहे. एकदा चांगले विरजण घरात असले, की हव्या त्या भांड्यात दही लावता येते.

विरजण ओळखीच्या घरून आणावे. प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ती घ्यावी. बाजारात कोणी 'फुकट भरून देतो' म्हणाला, तर दोन हात दूर राहावे. त्या संकेतस्थळावर पेन ड्राइव्ह तयार करून देणारे एक छोटे साधन मिळते. ते चालवायचे. पेन ड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो. साधन भाषा विचारते. त्या यादीत मराठी नाही. आपली जुनी प्रणाली ज्या इंग्रजीची आहे, नेमकी तीच निवडावी. मराठी मागाहून सेटिंगमधून घेता येते.

एक चूक पुष्कळ जण करतात. प्रणालीची फाइल उतरवून घेतात आणि ती नुसती पेन ड्राइव्हवर टाकतात. त्याने संगणक सुरू होत नाही. बियाण्याचे पोते बांधावर ठेवले म्हणजे पेरणी झाली का? फाइल उलगडून ठरावीक रीतीने मांडावी लागते. ते काम हे साधन करते.

आता आमची चूक सांगतो. साधन काम सुरू करण्याआधी इंग्रजीत एक सूचना देते, की या पेन ड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाईल. त्या दिवशी हाताशी दुसरा पेन ड्राइव्ह नव्हता. बचत गटाच्या खजिनदार ताईंनी आपला दिला. सूचना आली तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, काय लिवलंय? वाचून तर दावा."

आम्ही म्हणालो, "काही नाही हो, नेहमीचंच असतं." आणि बटण दाबले.

गटाचा वर्षाचा हिशेब त्यावरच होता. कोणी किती भरले, कोणाचे कर्ज किती फिटले, सारे गेले. जन्मभर आम्ही मुलांना 'प्रश्न आधी नीट वाचा' म्हणून दटावले, आणि स्वतः न वाचता पुढे गेलो. वाईट याचे वाटते की ताईंनी विचारले होते. त्या दोन वर्षांपूर्वी लिहायला शिकल्या. त्यांनी दर बैठकीची नोंद आपल्या वहीत ठेवली होती. वेड्यावाकड्या अक्षरात, पण तारखेसह. त्या वहीवरून चार रात्री बसून आम्ही हिशेब परत भरला. एका आकड्यावर आमचा त्यांच्याशी वाद झाला. आकडा त्यांचा बरोबर निघाला.

पेन ड्राइव्ह तयार झाला, की पुढे दोन वाटा आहेत. संगणक चालू असताना पेन ड्राइव्ह उघडून त्यातला 'सेटअप' चालवला, तर आपल्या फायली आणि प्रोग्राम ठेवायचे का, असे तो विचारतो. ठेवा म्हणावे. दुसरी वाट म्हणजे संगणक बंद करून पेन ड्राइव्हवरूनच सुरू करणे. त्यासाठी सुरू होताना एक ठरावीक कळ दाबावी लागते. कुठे एफ १२, कुठे एस्केप. संगणकागणिक ती वेगळी. या वाटेने नव्याने बसवताना फायली व प्रोग्राम ठेवायचे विचारत नाहीत. निवडलेला भाग पुसला, की तिथले सारे जाते. म्हणून दोन्ही वाटांना आधी फायलींची नक्कल दुसरीकडे घ्यावी. जुने मराठी ठराव श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फाँटही जपावा. नाहीतर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांची खिचडी दिसते. फाँट परत घातला की अक्षरे येतात. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला ही अडचण नाही.

सगळे संगणक विंडोज ११ घेत नाहीत. ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. साधारण २०१८ च्या आधीचे पुष्कळ संगणक यात बसत नाहीत. ते भंगारात घालू नका. त्यांच्यासाठी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे लिनक्स केले आहे. त्यात मराठी चालते. तेही पेन ड्राइव्हवरूनच बसवतात.

आमचे काम एका रविवारी झाले. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर आधी भरून घेतला होता, कारण मध्येच संगणक बंद पडला तर घोटाळा होतो. ताई शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर काही आले, की त्या आमचा हात धरत आणि म्हणत, "आधी मराठीत सांगा." आम्ही सांगत होतो. मग त्या 'हां' म्हणत, आणि आम्ही बटण दाबत होतो. दुपारी तीन वाजता त्यांनी हिशेबाची फाइल उघडून शेवटची बेरीज वहीशी ताडून पाहिली.

तो पेन ड्राइव्ह आता कपाटात आहे. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. ताईंनी नवा पेन ड्राइव्ह आमच्याकडून भरून घेतला.