वाटी फेकणाऱ्या बाळाच्या आईला

चि. सोनू हिस,


काल फोनवर तू रडलीस ते मनातून जात नाही. छोटूनं वरणभाताची वाटी तिसऱ्यांदा भिरकावली आणि तू त्याच्या हातावर चापट मारलीस. भिंतीवरच्या डागांपेक्षा ती चापटच तुला जास्त लागली आहे, हे तुझ्या आवाजावरून कळलं. म्हणून सावकाश लिहिते आहे.

16 महिन्यांचं मूल वाटी फेकतं तेव्हा ते आईचा अपमान करत नसतं. वाटी सोडली की खाली जाते, खणकन वाजते, वरण पसरतं, आई धावत येते. एवढं सगळं आपल्या एका हातानं घडतं, याचं त्याला नवल वाटतं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या मुलांना न्याहाळून 1936 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा दहा महिन्यांचा मुलगा हात कधी वर, कधी बाजूला नेऊन वस्तू सोडतो आणि ती कुठे पडते ते पाहतो, अशा नोंदी आहेत. तुझा छोटू तेच करतो आहे. तू ओरडलीस काय नि हसलीस काय, त्याच्या लेखी खेळ रंगला.

पण घास फेकण्यामागं बहुतेक वेळा भूक भागलेली असते. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात ते 2 ते 2.5 किलोच वाढतं. साहजिकच भूक मंदावते, आणि आपण मात्र वाटी आणखी मोठी घेतो. त्यात तू दिवसातून चार बाटल्या दूध देतेस. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध देऊ नकोस. पोट दुधानंच भरतं आणि शरीराला लोह कमी पडतं. बाटली सोडव, पेल्यातून पाज.

आता जेवणाचं. जेवणाआधी दीड-दोन तास बिस्किट, दूध काही देऊ नकोस. खाली जुनी चादर अंथर, त्याला लाळेरं बांध आणि तुमच्याबरोबरच बसव. ताटलीत एका वेळी दोन चमचेच मऊ भात वाढ. संपला की पुन्हा वाढ. कमी वाढलं तर कमीच सांडेल, आणि अन्न वाया जातं म्हणून तुझ्या सासूबाईंचा जीव तुटतो तोही तुटणार नाही. त्यांचं चूक नाही गं, अन्नाला पाय लागू नये हे त्या पिढीच्या रक्तात आहे. छोटूच्या हातात एक चमचा दे, दुसऱ्यानं तू भरव. हातानं कालवू दे. कालवल्याशिवाय खायला येत नाही.

फेकलं तर एकदाच, हळू आवाजात सांग, "भात ताटात." पुन्हा फेकलं तर "पोट भरलं वाटतं" म्हणून ताटली उचल, तोंड-हात पूस आणि खाली उतरव. राग नको, विनवण्या नकोत, मागं मागं फिरून घास नको. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी, नेहमीच्या वेळीच. एक जेवण चुकल्यानं निरोगी मूल वाळत नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी हे फार नेमकं मांडलं आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे आईबापांनी ठरवावं, खायचं का आणि किती, हे मुलानं. मला ते पूर्ण पटतं.

मोबाइल दाखवून भरवू नकोस. वाटी संपेल, पण पोट भरल्याचं त्याला कळणार नाही.

हे मी अनुभवानं सांगते. तुझ्या दादाला मी मांडीत दाबून, नाक धरून भोपळा भरवायची. तेव्हा तसं सर्रास करत, पण त्यात घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पुढं कित्येक वर्षं भोपळा दिसला की तो उठून जायचा. तीच भाजी थोडी थोडी दहा वेळा नुसती ताटात ठेवली असती, तर एखाद दिवशी त्यानं आपणहून खाल्ली असती.

चापट मारलीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस. पुन्हा मात्र मारू नकोस. आता बूस्टरच्या लशीला जाशील, तेव्हा त्याचं वजन करून घे, कार्डावर लिहून घे आणि मला आकडा कळव. वजन वाढत नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल किंवा उलट्या होत असतील, तर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.

तुझी,
मावशी