मॉक संपल्यानंतरचे तीन तास

चि. केतकी हिस,


क्लॅटच्या गेल्या काही मॉक टेस्टमध्ये तुझे गुण सत्तरच्या आसपासच घुटमळताहेत, म्हणून आता आठवड्याला एकाऐवजी तीन मॉक द्यायचं ठरवलंय, असं तू लिहिलंस. माझं ऐकशील तर तसं करू नकोस. एकच दे, आणि उरलेल्या दोन मॉकचा वेळ त्या एकीच्या मागे घाल. नुसत्या मॉक देत राहिल्याने गुण वाढत नाहीत. दिलेल्या मॉकमधली चूक कुठून आली ते शोधून काढल्यावर वाढतात. पत्रात मला एवढंच सांगायचंय, पण का ते नीट पटवून दिल्याशिवाय तू ऐकणार नाहीस. ज्या पेशात तू जायचं म्हणतेस, तिथे तो गुणच आहे.

आधी गुणांचा हिशेब पाहू. क्लॅटला, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, आता १२० प्रश्न आणि १२० मिनिटं असतात. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण वजा. समज, एकीने सगळे १२० प्रश्न सोडवले. त्यातले ८० बरोबर आले, ४० चुकले. चाळिसांचे दहा गुण कापले गेले आणि हाती ७० राहिले. दुसरीने ८५ च सोडवले, त्यातले ७३ बरोबर, १२ चूक. तीन गुण गेले, तिचेही ७०. गुणतक्त्यात दोघी शेजारीशेजारी दिसतील, पण दोघींनी करायचं काम अगदी वेगळं आहे. पहिलीला आणखी एकही प्रश्न सोडवायची गरज नाही. तिच्या चाळीस चुकांपैकी आठ जरी बरोबर झाल्या, तरी प्रत्येकी सव्वा गुणाने ती ऐंशीवर जाते, कारण बरोबर उत्तराचा एक गुण मिळतो आणि कापला जाणारा पाव वाचतो. दुसरीचा नेम चांगला आहे, पण पस्तीस प्रश्नांपर्यंत ती पोचतच नाही. तिने वाचनाचा वेग वाढवायला हवा. आता सांग, तुझे सत्तर कोणत्या जातीचे आहेत? तुझ्या पत्रात फक्त बेरीज आहे. किती सोडवले, किती चुकले, किती कोरे सोडले, यातलं काहीच नाही. हे माहीत नसताना आणखी तीन मॉक दिल्यास तर तीन नव्या बेरजा मिळतील, यापलीकडे काही नाही.

आता एकाच चुकीच्या जरा जवळ जाऊ. लीगल रीझनिंगच्या उताऱ्यात इंग्लंडच्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या खटल्यातला नियम दिलाय असं धर. धोकादायक वस्तू स्वतःच्या जमिनीवर साठवली आणि ती निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा नसतानाही मालक जबाबदार. पण उताऱ्यातच पुढे अपवाद सांगितलेत आणि दैवी आपत्ती हा त्यातलाच एक. प्रश्न असा, की एका शेतकऱ्याने बांध घालून तळं केलं, कुणाला कल्पना करता येणार नाही असा पाऊस झाला, बांध फुटला आणि शेजाऱ्याची द्राक्षबाग वाहून गेली. तो जबाबदार का? उताऱ्याप्रमाणे नाही. (१८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँड खटल्यात साधारण अशाच घटनांवर असाच निकाल लागला होता.) पण अभ्यासू मुलगी इथे नेमकी चुकते. तिला एम. सी. मेहता खटला पाठ असतो. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घातक उद्योग चालवणाऱ्याला असे अपवाद मिळणार नाहीत. ते आठवून ती ‘जबाबदार’वर खूण करते. शेततळं हा घातक उद्योग नव्हे, हे त्या घाईत तिच्या लक्षातही येत नाही.

यापुढे ती काय करते, ते महत्त्वाचं. उत्तरतालिका पाहते, ‘टॉर्ट्स कच्चं आहे’ असा शेरा मारते आणि संध्याकाळी टॉर्ट्सचं, म्हणजे दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचं, प्रकरण पुन्हा वाचते. उपाय उलटा झाला. तिचं टॉर्ट्स कच्चं नव्हतंच. बाहेरचं ज्ञान तिने उताऱ्यात घुसवलं, ही खरी चूक होती आणि आणखी खटले वाचून ती वाढेल. तिने सवय लावायला हवी होती ती अशी, की प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवर उभं आहे, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि रेघ ओढता येत नसेल तर तो पर्याय संशयित धरायचा. २०२० पासून क्लॅट उताऱ्यांवर बेतलेली आहे. कायदा आधीपासून माहीत असावा अशी या परीक्षेची अपेक्षाच नाही. दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावता येतो का, एवढंच ती तपासते. हे तुला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि दोन तासांच्या दडपणाखाली पाळता येणं वेगळं. ते अंतर किती आहे, हे फक्त स्वतःच्या चुका वाचूनच कळतं.

म्हणून मॉक सोडवतानाच प्रश्नपत्रिकेत प्रत्येक उत्तरापुढे बारीक खूण करत जा: खात्रीने दिलं, दोन पर्यायांत अडकून दिलं, की नुसतंच ठोकून दिलं. मॉकनंतर चुकलेला प्रश्न उत्तर न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडव. निवांत बसल्यावर बरोबर आला, तर अडचण वेळेची किंवा घाईची. तरीही चुकला, तर वाचनाची किंवा तर्काची. खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं असेल, तर तिथे सगळ्यात जास्त वेळ थांब. माणूस ज्या चुकीबद्दल ठाम असतो, ती दाखवून दिल्यावर उलट जास्त पक्की सुधारते, असं बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांना २००१ मध्ये आढळलं. धक्का बसतो, म्हणून लक्षात राहतं. आणि ठोकून दिलेलं उत्तर बरोबर आलं असेल, तर तेही चुकांच्याच वहीत लिही. तो गुण परीक्षेच्या दिवशी तुझ्या हातात असेलच असं नाही. वहीत प्रश्न उतरवून काढू नकोस, त्यात नुसता वेळ जातो. आपण काय विचार केला आणि तो कुठे घसरला, हे स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिही. ‘सिली मिस्टेक’ हा शेरा मात्र त्या वहीत कधीच लिहू नकोस. ‘नॉट’ वाचलाच नाही, ‘ओन्ली इफ’चा अर्थ ‘इफ’ असा घेतला, ‘प्रोव्हायडेड दॅट’नंतरची अट सोडून दिली, असं लिहिलंस तरच पुढच्या वेळी डोळा तिथे थांबेल.

तू म्हणशील, पहिल्या नंबरात आलेली मुलं शंभर-शंभर मॉक दिल्याचं सांगतात, मग ती चूक का? चूक नाहीत. पण तेवढ्याच मॉक देऊन मागे राहिलेल्यांची मुलाखत कुणी घेत नाही, हेही लक्षात घे. शिवाय परीक्षा देण्याने शिकणं होतं, हे मीही मानतो. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग या विषयात फार महत्त्वाचा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यांनी एकदा वाचून तीन वेळा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला, नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के. म्हणजे आठवायचे कष्ट घेण्याला पर्याय नाही. पण तुझ्या बाबतीत याचा अर्थ नीट लाव. उत्तरतालिकेतलं स्पष्टीकरण वाचून ‘हो हो, बरोबर’ म्हणणं, हे चार वेळा वाचण्यासारखंच आहे. त्या क्षणी सगळं समजल्यासारखं वाटतं. तोच प्रश्न आठ दिवसांनी कोरा समोर ठेवून पुन्हा सोडवणं म्हणजे खरं आठवणं. एकापाठोपाठ तीन मॉक देणाऱ्याला हे दुसरं करायला वेळच मिळत नाही.

एकाच विभागाच्या सेक्शनल टेस्टमध्ये उत्तम गुण पडतात आणि पूर्ण मॉकमध्ये तोच विभाग कोसळतो, ही तुझी तक्रार खरी आहे. पण तिचा अर्थ तू लावतेस तो नाही. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनफळाची गणितं दिली. एका गटाला एकाच प्रकारची गणितं सलग, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सरावात सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत चित्र पालटलं: सलगवाल्यांचे २० टक्के, मिसळणाऱ्यांचे ६३. सलग सरावात कोणती पद्धत लावायची हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत ते आपल्याला ओळखावं लागतं. तेव्हा सेक्शनलमधल्या गुणांवर फार विसंबू नकोस आणि मिसळलेल्या सरावात गुण घसरले म्हणून घाबरूही नकोस. सरावातला आकडा खाली असताना शिकणं पुढे गेलेलं असू शकतं.

त्यातही एका मॉकचा आकडा फसवा असतो. ज्याची बरोबर उत्तरं साधारण साठ टक्के येतात, त्याची तयारी जशीच्या तशी राहिली तरी निव्वळ योगायोगाने १२० प्रश्नांत पाच-सहा उत्तरं इकडची तिकडे होतात. हा साधा संभाव्यतेचा हिशेब आहे. पाव गुणाची वजावट धरली की फरक सहा-सात गुणांपर्यंत जातो. एका उताऱ्यावर चार-पाच प्रश्न असल्याने एक उतारा फसला की ते एकदम जातात, म्हणून खरी उलथापालथ त्याहूनही जास्त. पासष्टवरून एकाहत्तरवर गेलीस तर तो विजय नव्हे आणि परत पासष्टवर आलीस तर घसरणही नव्हे. पाच मॉकची सरासरी काढ आणि तिची तुलना आधीच्या पाचांच्या सरासरीशी कर. दरम्यान वहीतल्या एका प्रकारच्या चुका कमी झाल्या का, ते पाहा. गुणांपेक्षा ती खूण आधी दिसते.

वेळेचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. क्लॅट डिसेंबरात, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, मधे प्रॅक्टिकल आणि प्रिलिम. दोन तासांच्या मॉकमागे तीन तास तपासणी कुठून आणायची? पण तू ठरवलेल्या तीन मॉक म्हणजे सहा तास होतात. एक मॉक आणि तिची तपासणी पाच तासांत बसते. तपासणी एका बैठकीत उरकायची गरज नाही. रविवारी दुपारी दोन ते चार, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, कागदावर मॉक दे. उत्तरपत्रिकेतले गोलही पेनानेच भर. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही, याची सवय आतापासून हवी. त्याच संध्याकाळी लीगल आणि लॉजिकल तपास, सोमवारी इंग्रजी आणि गणित. सामान्य ज्ञानाला हे सगळं लागू नाही, ते मान्य करतो. तिथे बातमी वाचलेली असते किंवा नसते, त्यामुळे चूक तपासून फारसं हाती लागत नाही. रोज वर्तमानपत्र वाचायचं आणि महिन्याची उजळणी करायची, एवढंच.

राहिली इंग्रजीची गोष्ट. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्याचा तोटा होतोय, असं तू लिहिलंस. क्लॅट फक्त इंग्रजीत होते आणि हे अन्यायाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. पण डिसेंबरपर्यंत ते बदलणार नाही, म्हणून आपल्या हातात काय आहे ते पाहू. उतारे साधारण ४५० शब्दांपर्यंतचे असतात. वीसेक उतारे धरले तरी नऊ हजार शब्द झाले. मिनिटाला दोनशेच्या वेगाने नुसतं वाचायलाच पाऊण तास लागतो, प्रश्न आणि पर्याय वेगळेच. म्हणून तुझे सत्तर दुसऱ्या मुलीसारखे, कोऱ्या प्रश्नांमुळे असतील, तर मॉकची संख्या अजूनच कमी करून रोज अर्धा तास इंग्रजी संपादकीय घड्याळ लावून वाच. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून लेखकाचं म्हणणं मराठीतच एका वाक्यात सांग. ते सांगता आलं नाही तर वेग वाढला असला तरी उपयोग नाही.

उत्तरतालिकाही कधी चुकते. १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅटच्या तालिकेतली दोन उत्तरं दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात चुकीची ठरवली होती. क्लासच्या मॉकमध्ये तर हे व्हायचंच. म्हणून जिथे तुझं उत्तर बरोबर वाटतं, तिथे उताऱ्यातल्या ओळीनिशी युक्तिवाद लिहून काढ. वादात जिंकलीस की नाही हे गौण आहे, लिहिताना तर्क घासला जातो. आणि शेवटच्या महिन्यात क्लासच्या प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्शियमने स्वतः काढलेल्या जुन्या आणि नमुना प्रश्नपत्रिकाच वापर.

राज्याच्या लॉ सीईटीचा फॉर्मही भर. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज आणि पुण्याचं आयएलएस या दोन्ही ठिकाणचा प्रवेश तिच्यातूनच होतो, ती मराठीतही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये मात्र चारातले दोन पर्याय कारणासहित बाद करता आले तरच उत्तर दे. अशा चार प्रश्नांत सरासरी दीड गुण पदरात पडतो. काहीच बाद करता येत नसेल तर चारांत जेमतेम पाव गुण निघतो, आणि तोही पर्याय फसवे नसतील तर. हा हिशेब तुझ्या स्वतःच्या खुणांवरून करून पाहा: ‘दोनांत अडकून दिलं’ अशी खूण केलेल्यांतले निम्म्याहून कमी बरोबर येत असतील, तर पर्याय बाद करण्याच्या तुझ्या पद्धतीतच काहीतरी बिघडलंय. येत्या रविवारची मॉक झाली की सोडवलेले, चुकलेले आणि कोरे असे तीन आकडे आणि वहीतली दोन पानं मला पाठव.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा