फ्लायच्या लीडरवर किती खर्च करावा?

नंदुरबारहून सुरतेची गाडी पकडून समुद्रावर गळ टाकायला जाणारे आता फ्लायच्या दांड्याकडेही वळू लागले, तर पहिला प्रश्न दांड्याचाच असतो. पण मासा सुटतो तो बहुतेकदा लीडरमुळे, म्हणजे जाड फ्लाय लाइन आणि फ्लाय (गळावर बांधलेले हलके कृत्रिम आमिष) यांच्यामधल्या नऊ फूट धाग्यामुळे. म्हणून आधी त्याचा हिशेब करू.

दुकानदार सहसा फ्लुरोकार्बन पुढे करतो. हा धागा पाण्यात कमी दिसतो, लवकर बुडतो आणि महागही असतो. 50 मीटरच्या परदेशी रिळाला साधारण 700 ते 2000 रुपये पडतात. मालवण-तारकर्लीच्या नितळ पाण्यात, थंडीच्या दिवसांत तो घ्यावा. आपल्याला जवळचा समुद्र मात्र खंभातच्या आखाताचा. प्रकाशा-सारंगखेड्यावरून गेलेली आपली तापी तिथेच डुमसजवळ समुद्राला मिळते आणि ते पाणी बाराही महिने गढूळ. जिथे माशाला धागा दिसतच नाही, तिथे न दिसण्याचे पैसे कशाला मोजायचे? इथे नायलॉनचा चांगला तंगूसच घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे.

तयार निमुळता लीडर एकेक 500 ते 1000 रुपयांच्या घरात जातो. लाटांत शिंपले, दगड, जाळ्यांचे तुकडे यांना घासून तो एका सकाळीत खराब होऊ शकतो. त्यापेक्षा घरी बांधा. 40 पौंडी तंगूस 135 सेंटीमीटर, त्याला 30 पौंडी 80 आणि शेवटी 20 पौंडी 60. झाले नऊ फूट. पन्नास मीटरचे रीळ 300 रुपयांना मिळाले, तर मीटरला 6 रुपये पडतात, म्हणजे एका लीडरला साडेसोळा रुपये. तिन्ही रिळांचे 900 रुपये एकदाच घालायचे. जोडाला ब्लड नॉट चालते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि धागा तिथेच कमजोर होतो.

बुडणारी लाइन वापरत असाल तर नऊ फूट नकोत, चार-पाच फूट पुरे. लीडर लांब ठेवला की लाइन तळाशी जाते आणि फ्लाय मात्र वर तरंगत राहते.

जिताडा मिळण्याची आशा असेल तर टोकाला 40-50 पौंडी जाड तंगुसाचा वीतभर तुकडा जोडा. त्याच्या कल्ल्याची झाकणी धारदार असते आणि बारीक धागा ती सहज कापते. सुरमई, वाकटी यांच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, तिथे बारीक पोलादी तार लागते. दोन्ही एकदम बांधू नका, फ्लाय जड होऊन नीट पडत नाही.

रीळ घेताना दुकानात उन्हात टांगलेले घेऊ नका. ऊन नायलॉनला मारते आणि खानदेशच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत पडलेल्या रिळाचेही तेच होते. हातभर तुकडा काढून झटका द्या. सहज तुटला किंवा पांढरट, खरखरीत लागला, तर परत करा. समुद्रावरून आल्यावर लीडर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. त्याला काहीच खर्च नाही.

सरावासाठी समुद्र गाठायची गरज नाही. तापीच्या बंधाऱ्यांवर जमते, फक्त मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिला आधी विचारा. डुमसकडे निघण्याआधी मात्र भरती-ओहोटीची वेळ पाहाच. खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. सपाट चिखलावर पाणी भराभर चढते आणि पाय रुतलेला माणूस अडकतो. एकट्याने जाऊ नका, पावसाळ्यात तर लाटांत उतरूच नका.

आणि तुटलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. वाळूत टाकलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत अडकतो.