एकट्या वीराची लढाई

पोरा, तुझ्या खेळात यंदा खेळाडू एकच आहे, तुझी बहीण. म्हणून पुस्तकातल्या लढाया जशाच्या तशा उचलू नकोस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली निघाला तो टोळीने खेळायचा खेळ म्हणून. एकट्यासाठी सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शत्रूची ताकद मागाहून बघ, आधी पाळ्या मोज. पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन म्हणजे अवघे सात हिट पॉइंट. पण समोर चार उभे केलेस की तिच्या एका घावाला चार घाव येतात. साखळी चिलखत घातलेला पहिल्या पातळीचा लढवय्या त्यात फेरीला सरासरी दहाएक पॉइंट गमावतो, आणि त्याच्याजवळ असतात बारा-तेरा! दोन गॉब्लिनसुद्धा तिचा घाम काढतील. सुरुवात एकापासून कर, दुसरा दोन फेऱ्यांनी येऊ दे.

जागाही तिच्या बाजूने उभी कर. दौलताबादची अंधारी आठव. त्या काळोख्या, वळणावळणाच्या वाटेत फौज कितीही मोठी असो, पुढे येणार मोजकेच. बहिणीला असा एखादा बोगदा, जिना, अरुंद दार दिसू दे. कुठे लढायचं ते तिने ठरवावं.

आपल्या वेरूळच्या लेण्यांत या विद्येचे धडे कोरलेले आहेत, असं मला मनापासून वाटतं. पंधरा नंबरच्या लेण्यात अंधकासुराचा वध बघ. त्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा असुर उठायचा, म्हणून खाली काली वाडगं घेऊन बसली आहे. शत्रू वाढत जाणारा असेल तर तो वाढणं थांबवायची युक्ती त्याच खोलीत, तिच्या हाताशी ठेव. तिथल्याच कैलास लेण्यात महिषासुरमर्दिनी बघ. देव वरून बघताहेत, लढतेय ती एकटी. पण शस्त्रं त्या देवांनीच दिलेली. तूही लढाईआधी हात सढळ ठेव: जखम भरणारी दोन औषधं, एखादी जादूची तलवार.

जखडून टाकणारे राक्षस मात्र टाळ. घूलचा पंजा लागून वीर लुळा पडला, तर टोळीत कुणीतरी त्याला ओढून नेतं. एकटीला कोण नेणार? एका वाईट फाशावर तिचे महिने वाया घालवू नकोस.

सोबती द्यायचा असेल तर जरूर दे. २०१९ च्या ‘इसेन्शियल्स किट’मध्ये एकट्या खेळाडूसाठीच साथीदाराचे नियम आहेत. फक्त तो तिच्याहून दुबळा असू दे आणि त्याची पाळी तिलाच खेळू दे. तुझा लाडका सरदार लढतोय आणि ती बघत बसलीय, असं होता कामा नये.

आणि हरली तर? कैलासाच्याच भिंतीवर रावणाशी झुंजणारा जटायू आहे. तो हरला, पण रामाला सीतेची खबर त्याच्याकडूनच मिळाली. शून्य पॉइंटवर तिला लगेच मारू नकोस. कैद कर, लूट, ओलीस ठेव, खंडणी माग. गॉब्लिनांनाही जीव प्यारा असतो. निम्मे पडले की उरलेले पळू देत. प्रत्येक लढाईत काय जिंकायचं, काय गमवायचं, ते फासे टाकण्याआधी वहीत लिहून ठेव.