जानुसंधिगत वात आणि अस्थिभंगाचा धोका : एक चिकित्सोपयोगी अभ्यास

गुडघेदुखीची तक्रार घेऊन येणारा रुग्ण हा आपल्या सर्वांच्या चिकित्सालयातील नित्याचा रुग्ण होय. आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातील गाव धानशेती व कोसा विणकामाचे. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्या स्त्रिया आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तासन्‌तास बसणारे विणकर, या दोन्ही वर्गांत पन्नाशीनंतर जानुसंधिशूल वारंवार आढळतो. या रुग्णांची चिकित्सा आपण वेदना, शोथ व ग्रह या लक्षणांना अनुसरून करतो आणि ते योग्यच आहे. परंतु हाच रुग्ण अस्थिभंगाच्या दृष्टीनेही धोक्यात असतो, याकडे वैद्यवर्गाचे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. प्रस्तुत लेखात या संबंधाचा शास्त्रीय व आधुनिक अशा दोन्ही अंगांनी विचार करून वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी काही व्यवहार्य सूचना मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

व्याधीची व्याप्ती

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात संधिविकारांचे प्रमाण किती, याचे एक विश्वसनीय उत्तर पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे मिळाले. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कॉपकॉर्ड पद्धतीनुसार घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के व्यक्तींना अस्थि-संधि-स्नायूंच्या वेदना होत्या. संधिगत वाताशी साधर्म्य असणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस ५.८ टक्के प्रौढांत आढळला, तर आमवातसदृश ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. म्हणजेच खेड्यातील वैद्यापुढे येणारा संधिरुग्ण बहुधा संधिगत वाताचाच असतो.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधिचिकित्सा या २८ व्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन आहे. वायूने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा स्पर्श असणारा शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना ही लक्षणे तेथे सांगितली आहेत. भग्नाचा विचार सुश्रुताचार्यांनी निदानस्थान व चिकित्सास्थान येथे स्वतंत्रपणे केला असून संधिमुक्त व कांडभग्न असे त्याचे दोन प्रमुख भेद मानले आहेत. हे दोन व्याधी ग्रंथांत निरनिराळ्या ठिकाणी आले असले तरी त्यांना जोडणारा दुवा धातुविचारात आहे.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ११ व्या अध्यायात आश्रयाश्रयीभावाचे विवेचन आहे. अन्य धातू व दोष यांची वृद्धी बहुधा एकत्र होते. अस्थी व वायू यांचा संबंध मात्र उलट आहे. अस्थिधातू क्षीण होतो तेव्हा वायू वाढतो. वार्धक्य हा तर वाताचाच काळ. याच अध्यायात मज्जाक्षयाच्या लक्षणांमध्ये अस्थींचे सौषिर्य, भ्रम आणि तिमिरदर्शन ही तिन्ही एकत्र दिली आहेत. हाड पोकळ होणे, चक्कर येणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे एकाच रुग्णात असतील तर तो पडणार आणि पडल्यावर त्याचे हाड मोडणार, हे सांगावयास वेगळ्या यंत्राची आवश्यकता नाही.

आधुनिक संशोधन काय सांगते

ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या रुग्णांत अस्थिघनता समवयस्कांच्या तुलनेत पुष्कळदा अधिक आढळते, ही गोष्ट अनेक अभ्यासांतून पुढे आली आहे. त्यावरून अशा रुग्णांची हाडे मजबूत असतात व त्यांना अस्थिभंगाची भीती कमी, असा समज होणे स्वाभाविक होते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाने तो खोटा ठरविला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जानुसंधीच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसने पीडित वृद्धांत अस्थिघनता अधिक असूनही कशेरुकांच्या भंगाचा धोका सुमारे दुप्पट आणि अन्य हाडांच्या भंगाचा धोका सुमारे दीडपट होता.

२००६ साली ब्रिटनमधील ७५ वर्षे व त्यावरील सहा हजारांहून अधिक वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघेदुखी असणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने अधिक आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. त्यानंतर २०१३ साली दहा देशांतील पन्नास हजारांहून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांच्या ‘ग्लो’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ऑस्टिओआर्थ्रायटिस असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंगाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी आणि पडण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते. पडण्याचे हे वाढलेले प्रमाणच अस्थिभंगाच्या मुळाशी असावे, असे मत संशोधकांनी नोंदविले.

घनता अधिक असूनही भंग का होतो, या प्रश्नाचे उत्तर यात मिळते. दुखऱ्या गुडघ्यामुळे मांडीच्या पुढील बाजूच्या पेशी दुर्बल होतात, सांध्याची स्थितीविषयक संवेदना मंदावते आणि तोल जाताना शरीर सावरण्यास विलंब होतो. शिवाय मापनातही एक फसगत आहे. कंबरेच्या मणक्यांना फुटलेले काटे यंत्राच्या मोजणीत धरले जातात आणि घनतेचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर संधीच्या कडेला अध्यस्थी आणि मणक्यांच्या अंतर्भागी सौषिर्य, या दोन्ही अवस्था एकाच रुग्णात नांदू शकतात. म्हणून क्ष-किरण चित्रात काटे दिसले की हाड पक्के आहे असे रुग्णास सांगू नये.

वेदनाशमन आणि अस्थिक्षय

येथे एका गंभीर विषयाकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधणे आम्हास आवश्यक वाटते. आठवडी बाजारात, बसस्थानकावर वा फिरत्या विक्रेत्यांकडे गुडघेदुखीसाठी बिननावाच्या पुड्या व गोळ्या मिळतात. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडे मिसळलेली असल्याचे देशात अनेकदा प्रयोगशाळांच्या तपासणीत उघड झाले आहे. रुग्णास दोन दिवसांत आराम पडतो, त्याची श्रद्धा बसते आणि तो वर्षानुवर्षे ती पुडी घेत राहतो.

याचा अस्थींवर होणारा परिणाम मोजला गेला आहे. ब्रिटनमध्ये तोंडावाटे स्टेरॉइड घेणाऱ्या सुमारे २ लाख ४४ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रतिदिन ७.५ मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत खुब्याच्या भंगाचा धोका दुपटीहून अधिक आणि कशेरुकाभंगाचा धोका पाचपट आढळला. हा धोका औषध सुरू केल्यापासून तीन ते सहा महिन्यांतच वाढू लागतो. गुडघ्याच्या वेदनेने आधीच पडण्याच्या बेतात असलेल्या वृद्धेची हाडे अशा रीतीने पोखरली गेली, तर एका ठेचेने ती कायमची अंथरुणाला खिळू शकते. आणि दोष मात्र ‘आयुर्वेदिक औषधा’च्या माथी येतो.

दोन दिवसांत नाहीसा झालेला जुना शूल, गोल होत गेलेला चेहरा, पातळ त्वचा, किरकोळ धक्क्याने उठणारे काळेनिळे डाग, नव्याने वाढलेला रक्तदाब वा रक्तशर्करा ही लक्षणे दिसल्यास पुडीची चौकशी अवश्य करावी. मात्र ती पुडी एकाएकी बंद करावयास सांगू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराचा स्वतःचा अंतःस्राव मंदावलेला असतो; औषध अचानक थांबल्यास प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास कायचिकित्सातज्ज्ञाकडे पाठवून त्यांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवावी. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांचाही इतिहास घ्यावा. त्यांनी गुंगी येते, आणि ती घेणाऱ्यांत खुब्याच्या भंगाचे प्रमाण अन्य काही वेदनाशामकांच्या तुलनेत अधिक आढळल्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे.

शास्त्रशुद्ध औषधांना पर्याय नाही असे नव्हे, परंतु त्यांचे मोल आता प्रयोगानेही दिसले आहे. डॉ. चोपडा व सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. शुंठी, गुडूची, आमलकी व शल्लकी यांवर आधारित कल्प वेदनाशमन व कार्यक्षमता या बाबतींत ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच प्रयोगात आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताशी संबंधित एस.जी.पी.टी. लक्षणांविना वाढले आणि औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले, ही नोंदही आपण तितक्याच प्रामाणिकपणे लक्षात ठेवावी. दीर्घकाळ कल्प देताना अधूनमधून रक्ततपासणी करून घेणे इष्ट. तसेच या प्रयोगाने वेदना व कार्यक्षमता मोजली. त्यावरून अस्थिभंग टळतो असा दावा रुग्णापुढे करू नये.

चिकित्सालयातील क्रम

पन्नाशीपुढील प्रत्येक जानुशूल रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

१. गेल्या वर्षभरात आपण पडलात काय? किती वेळा व कोठे?
२. किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले आहे काय? आईवडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते काय?
३. उंची कमी झाली आहे काय, पाठीस बाक आला आहे काय? तरुणपणापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर वा अधिक घट असल्यास कशेरुकाभंगाची शंका घ्यावी.
४. सध्या कोणकोणती औषधे सुरू आहेत? पिशवीसह आणावयास सांगावे.
५. रात्री लघवीस किती वेळा उठावे लागते? दृष्टी कशी आहे? चक्कर येते काय?

त्यानंतर रुग्णास खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसावयास सांगावे. यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजावे. धोका अधिक वाटल्यास अस्थिघनतेच्या तपासणीसाठी नागपूरसारख्या ठिकाणी पाठवावे. पडल्यानंतर खुब्यात वेदना, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसणे, पाय टेकता न येणे अशी लक्षणे असल्यास चोळणे, शेकणे वा लेप न करता रुग्णास न हलविता त्वरित अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्साकर्मातही सावधपणा हवा. सौषिर्याची शंका असलेल्या वृद्धास अभ्यंग मृदू हातानेच करावा. पाठीवर जोराचे मर्दन वा मणके ‘बसविण्याचे’ प्रकार वर्ज्य समजावेत. जानुबस्ती वा अभ्यंगानंतर तळपाय व फरशी कोरडी पुसूनच रुग्णास उठवावे. तेलकट पायांनी गुळगुळीत फरशीवर झालेली घसरण सर्व चिकित्सा वाया घालवते. अस्थिगत विकारांत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचे बस्ती चरकाचार्यांनी सांगितले आहेत; रुग्णाचे बल व अग्नी पाहून त्यांची योजना करावी. लाक्षादि गुग्गुळ, अस्थिशृंखला यांचा उपयोग शास्त्रोक्त आहे. मात्र निदान झालेल्या अस्थिसौषिर्यात तज्ज्ञांनी दिलेले औषध त्यांच्यासाठी बंद करवू नये.

आहाराविषयी एक बाब विशेष. प्रौढांस दररोज १००० मिलिग्रॅम व रजोनिवृत्त स्त्रियांस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली केली. आपल्या भागात ताटात भातच मुख्य. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि तिळांत एक हजार मिलिग्रॅमहून अधिक असते. दूध, ताक, तीळ, नाचणी व हिरव्या पालेभाज्या यांची जोड भातास द्यावी.

गुडघा दुखतो म्हणून संपूर्ण विश्रांती देणे हितकर नाही. मांडीच्या पेशींचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम रोज करवून घ्यावेत. वृद्धांतील शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते असे त्यात दिसले. हातात काठी, अंगणातील न्हाणीपर्यंत रात्री दिवा, उंबऱ्याजवळ धरावयास आधार आणि पावसाळ्यात ओल्या धुऱ्यावरून वृद्धांनी एकट्याने न जाणे, हे उपाय अल्प खर्चाचे व खात्रीचे आहेत.

औषधविक्रेत्यांस विनंती

वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि घटकद्रव्ये नसतील ते औषध दुकानात ठेवू नये. सुटे चूर्ण आणून आपल्या पुडीत बांधून विकू नये. ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या मालाचा नफा मोठा असतो, म्हणूनच त्याविषयी शंका घ्यावी. आयुर्वेदीय औषधात स्टेरॉइड मिसळणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये गुन्हा आहे. संशयित माल आढळल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. औषधाचा दुष्परिणाम दिसल्यास आयुष मंत्रालयाच्या औषध-दक्षता योजनेकडे नोंद करता येते. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे.

उपसंहार

सारांश, जानुसंधिगत वाताच्या रुग्णाची परीक्षा गुडघ्यापाशी थांबू नये. तो किती वेळा पडला, त्याच्या हाडांचे बल किती आणि त्याच्या पिशवीत कोणती पुडी आहे, या तीन गोष्टी जाणल्याशिवाय चिकित्सापत्र लिहू नये. यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. पाच मिनिटांचे प्रश्न व तीन मीटरची मोकळी जागा पुरते. सर्व वैद्य बंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात हा क्रम सुरू करावा आणि रुग्णांच्या नोंदी ठेवाव्यात, ही नम्र विनंती.